आईची गोळी, बाळाचं दूध: दुधात काय उतरतं, किती उतरतं आणि निर्णय कसा घ्यायचा

रात्री साडेअकराचा फोन. पलीकडे बाळ रडतंय आणि आई दबक्या आवाजात विचारतेय, "ताई, आज दाढ काढली. अमॉक्सिसिलिन आणि आयब्युप्रोफेन लिहून दिलंय, आणि पाच दिवस अंगावर पाजू नका असं सांगितलंय. गोळ्या घेऊ की बाळाला पाजू?" दुपारपासून तिनं पाजलं नव्हतं. छाती दगडासारखी तटली होती, अंगात कणकण होती आणि बाळ बाटलीला तोंड लावायला तयार नव्हतं. भीतीपोटी गोळ्याही घेतल्या नव्हत्या, त्यामुळे दाढेची जागा ठणकत होती ती वेगळीच. खरं तर ही दोन्ही औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. अमॉक्सिसिलिन तर गरज पडली तर नवजात बाळांनाही थेट देतात.

स्तनपानाविषयी सल्ला देण्याच्या कामात असले फोन मला नेहमी येतात, आणि बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: "हे दुधात जातं का?" मी सांगते, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आई जे घेते त्यातलं जवळजवळ सगळंच थोडंफार दुधात उतरतं. विचारायला हवं ते वेगळं. किती उतरतं? बाळाच्या पोटात गेल्यावर त्याचं काय होतं? बाळ केवढं आहे? आणि पाजणं थांबवलं तर काय हातचं जाईल? हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. 'काही दिवस बंद करा' हा सल्ला देणाऱ्याला सोपा वाटतो, पण त्याचा भुर्दंड आई आणि बाळ भरतात.

आधी वाट ओळखू

स्तनाच्या आत द्राक्षाच्या घडासारख्या बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीला दूध तयार करणाऱ्या पेशींचं एकेरी अस्तर असतं. अस्तराच्या एका बाजूला रक्ताच्या केसासारख्या वाहिन्या, दुसऱ्या बाजूला दूध. रक्तातल्या कुठल्याही गोष्टीला दुधात यायचं तर हे अस्तर ओलांडावं लागतं.

बहुतेक औषधं पेशीच्या स्निग्ध पडद्यात विरघळून पलीकडे झिरपतात. त्यांना कुणी ढकलत नाही. रक्तात जास्त आणि दुधात कमी असेल तर ती दुधाकडे जातात. आता यातली मेख नीट लक्षात घ्या, कारण पुढचा अर्धा लेख तिच्यावर उभा आहे: रक्तातली पातळी उतरली की तेच औषध दुधातून परत रक्तात जातं. स्तनातलं दूध म्हणजे बूच लावून ठेवलेली बाटली नव्हे, तिथे दोन्ही बाजूंनी ये-जा चालू असते.

दुसरी वाट पेशींमधल्या फटींची. बाळंतपणानंतरचे पहिले तीन-चार दिवस या फटी उघड्या असतात. त्यांतून आईची प्रतिकारद्रव्यं आणि पांढऱ्या पेशी भरभरून येतात, तशी औषधंही येतात. ऐकायला धोकादायक वाटतं, पण त्या दिवसांत बाळ जेमतेम काही चमचे चीक पितं, त्यामुळे एकूण मात्रा किरकोळच राहते. आठवड्याभरात फटी मिटतात. स्तनाला सूज येऊन गाठ झाली की त्या पुन्हा थोड्या उघडतात आणि दुधात मीठ वाढतं. सुजेच्या बाजूनं प्यायला बाळ कुरकुरतं त्याचं एक कारण हे खारट दूध.

तिसरी वाट पंपाची. काही मोजकी द्रव्यं पेशी स्वतःहून ओढून दुधात टाकतात. आयोडीन हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. बाळाच्या थायरॉइडला ते लागतं म्हणून निसर्गानं केलेली ही सोय, पण याच पंपामुळे किरणोत्सारी आयोडीन दिलेल्या आईला पाजता येत नाही. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीनही पाजणाऱ्या आईनं मोठ्या जागेवर किंवा योनीमार्गात वारंवार वापरू नये. ते त्वचेतून रक्तात आणि तिथून थेट दुधात खेचलं जातं.

पहिली पायरी: बाळाचं वय बघा, औषध नंतर

लोक स्ट्रिपवरचं नाव वाचायला घेतात. मी आधी विचारते, बाळ किती दिवसांचं, किती वजनाचं, पूर्ण दिवसांचं की आधी झालेलं? नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून शिकाऊ असतात. साधं कॅफीन घ्या. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं कॅफीन चार-पाच तासांत निघून जातं, नवजात बाळाला त्याच कामाला तीन दिवसांहून जास्त लागू शकतात. रोजचा छोटा डोस त्याच्या अंगात साठत जातो तो असा.

२००३ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. दुधातून आलेल्या औषधानं बाळाला त्रास झाल्याच्या १०० नोंदी त्यात तपासल्या होत्या. सुमारे तीन चतुर्थांश बाळं दोन महिन्यांच्या आतली होती, सहा महिन्यांवरची फक्त ४. आणि 'हा त्रास निश्चितपणे औषधामुळेच' असं ठामपणे म्हणता येईल अशी नोंद एकही नव्हती. म्हणून माझा ढोबळ हिशेब असा: दोन महिन्यांच्या आतलं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर प्रत्येक गोळी विचारून घ्या. वरचं खाणं सुरू झालेलं, दिवसातून दोन-तीनदाच पिणारं वर्षाचं मूल असेल तर काळजीचा भार बराच उतरतो.

दुसरी पायरी: औषधाचा स्वभाव ओळखा

चार-पाच गुणांवरून औषध किती उतरेल याचा अंदाज येतो. डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला हेच विचारायचं असतं.

रेणू केवढा आहे? दारूचा रेणू इवलासा, वजन ४६. तो भिंत असल्याचं जाणवूही देत नाही. ८०० ते १,००० च्या वरचे रेणू पलीकडे जाताना अडखळतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं हेपरिन हजारोंच्या घरातलं, ते जवळजवळ येतच नाही. इन्सुलिनही मोठं, आणि आलंच तर बाळाच्या पोटात पचून जातं.

रक्तातल्या प्रथिनांना किती चिकटतं? जे चिकटून बसलंय ते भिंत ओलांडू शकत नाही, सुटं असेल तेवढंच झिरपतं. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध. नाव ऐकून घाबरायला होतं, पण त्याचा ९९ टक्के भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे दुधात ते सापडतही नाही म्हटलं तरी चालेल. आयब्युप्रोफेनचंही तसंच.

आम्लाकडे झुकणारं की अल्कलीकडे? रक्तापेक्षा दूध किंचित आम्लधर्मी असतं. रक्ताचा सामू (पीएच) ७.४, दुधाचा ७.१ च्या आसपास. सौम्य अल्कधर्मी औषध दुधात आलं की त्याच्यावर विद्युतभार चढतो आणि परतीची वाट अवघड होते. मासळी जाळ्यात शिरावी तसं ते आत अडकतं.

हे सगळं एकत्र कसं काम करतं ते बघायला एकाच कुटुंबातली दोन औषधं शेजारी ठेवा. ॲटेनोलॉल आणि प्रोप्रानोलॉल, दोन्ही बीटा ब्लॉकर, दोन्ही हृदयाची गती आणि रक्तदाब उतरवतात. ॲटेनोलॉल प्रथिनांना फारसं चिकटत नाही, अल्कधर्मी आहे आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. नवजाताचं मूत्रपिंड अजून कच्चं. ॲटेनोलॉल घेणाऱ्या आईच्या काही दिवसांच्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावल्याची आणि ते निळं पडल्याची नोंद आहे. प्रोप्रानोलॉल मात्र ९० टक्के चिकटलेलं राहतं, दुधात अगदी थोडं येतं आणि पाजणाऱ्या आईला चालतं. म्हणूनच "बीपीची गोळी चालते का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. कुठली गोळी, ते सांगा.

राहिला औषध अंगात टिकण्याचा काळ. लवकर निघून जाणारं बरं. निद्रानाश किंवा घबराटीसाठी डायझेपाम रोज घेतलं तर ते आणि त्याच्यापासून बनणारी द्रव्यं दिवसेंदिवस रेंगाळतात, नवजात बाळ सुस्त होतं. त्याच कामाची कमी टिकणारी औषधं असतात. नैराश्याच्या औषधांत सर्ट्रालिन घेणाऱ्या आयांच्या बाळांच्या रक्तात ते बहुधा मोजण्याइतकंही मिळत नाही, तर फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. पण इथे एक गोष्ट ठासून सांगते. ज्या गोळीनं तुमचं मन थाऱ्यावर आहे ती दुधाच्या भीतीनं आपल्याआपण बंद करू नका. फ्लुओक्सेटिनवर ठीक असलेल्या आईची गोळीही अनेकदा न बदलणंच शहाणपणाचं ठरतं. उपचाराविना राहिलेलं आईचं नैराश्य बाळाला दुधातल्या थेंबाहून महागात पडतं.

तिसरी पायरी: बाळाच्या पोटात त्याचं काय होतं?

ही पायरी सगळे विसरतात. दुधात आलं म्हणजे बाळाच्या रक्तात गेलं असं नाही. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक इंजेक्शननंच का देतात? आतड्यातून ते शोषलंच जात नाही म्हणून. मग दुधातून आलेलं जेंटामायसिनही बाळाच्या आतड्यातून तसंच पुढे जातं, फार तर शी पातळ होते. ॲसिडिटीवरच्या ओमेप्राझोलला आम्ल सोसत नाही, गोळीला वेष्टण देतात ते त्यासाठी. दुधातून उघडंनागडं आलेलं ओमेप्राझोल बाळाच्या पोटातल्या आम्लात नष्ट होतं.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या वेळी टोचतात त्या कॉन्ट्रास्टचंही असंच. स्कॅननंतर २४ तास पाजू नका ही सूचना अजून सर्रास दिली जाते. सीटीचं आयोडीनवालं कॉन्ट्रास्ट आईला दिलेल्या मात्रेच्या १ टक्क्याहून कमी दुधात येतं, आणि त्यातलंही १ टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषलं जातं. एमआरआयचं गॅडोलिनियम तर दुधात येतं ०.०४ टक्क्याहून कमी. स्कॅन करून या आणि पाजा. (किरणोत्सारी द्रव्य टोचून करतात त्या न्यूक्लिअर स्कॅनची गोष्ट वेगळी. तिथे कुठलं द्रव्य हे विचारून त्याप्रमाणे थांबावं लागतं.)

चौथी पायरी: आकडा मागा

पूर्वी 'दूध आणि रक्त यांतलं प्रमाण' बघायचे. दुधात रक्ताच्या सहापट औषध, असं वाचलं की आईच्या पोटात गोळाच येणार. पण रक्तातच चिमूटभर असेल तर त्याची सहापट म्हणजे किती? लघवीच्या संसर्गासाठी देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन असंच आहे. पेशी ते पंपानं दुधात टाकतात, प्रमाण सुमारे ६ पट निघतं, तरी बाळाला मिळणारी एकूण मात्रा अल्पच. (महिन्याच्या आतलं बाळ किंवा जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेलं बाळ असेल तर मात्र ते टाळतात.)

कामाचा आकडा म्हणजे सापेक्ष मात्रा: बाळाला दर किलो वजनामागे मिळणारं औषध आईच्या दर किलो डोसच्या किती टक्के आहे. हिशेब एकदा हातानं करून बघा, भीती निम्मी होते.

समजा आईचं वजन ६० किलो, एक औषध ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. म्हणजे दिवसाला १,२०० मिलिग्रॅम, दर किलोला २०. तिच्या दुधात ते सरासरी लिटरला २ मिलिग्रॅम सापडतं. बाळ ४ किलोचं. बाळ दिवसाला दर किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर पितं असं धरतात, म्हणजे ६०० मिलिलिटर. त्यातून त्याला मिळालं १.२ मिलिग्रॅम, दर किलोला ०.३. आता ०.३ भागिले २०, म्हणजे दीड टक्का.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळासाठी १० टक्क्यांच्या खालचं औषध साधारणपणे चालण्याजोगं मानतात. हा काही दगडावरचा शिक्का नव्हे. कॅन्सरवरच्या पेशी मारणाऱ्या औषधाचा २ टक्केही नको, आणि बाळांना थेट देतात त्या औषधाचे १२ टक्के आले तरी आभाळ कोसळत नाही. आयब्युप्रोफेनचा आकडा १ टक्क्याच्या आत आहे. प्रत्येक औषधाचा आकडा, बाळांत दिसलेले परिणाम आणि पर्यायी औषधं अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या 'लॅक्टमेड' या मोफत माहितीसंचात मिळतात. तो २००६ पासून चालू आहे. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर 'स्तनपान देणाऱ्या मातांनी घेऊ नये' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ बहुधा 'कंपनीनं पाजणाऱ्या आयांवर तपासलेलं नाही' एवढाच असतो. तो कागद कंपनीचा वकील लिहितो असं मी गमतीनं म्हणते.

पाचवी पायरी: वेळ साधा, दूध फेकू नका

मघाची दुतर्फा वाट आठवा. दारूचा एक पेग घेतलेली आई दूध पिळून फेकते आणि निर्धास्त होते. चूक. रक्तात दारू आहे तोवर नव्यानं भरणाऱ्या दुधातही तेवढीच दारू येणार. आणि पिळलं नसतं तरी रक्तातली उतरल्यावर दुधातलीही आपोआप परत गेली असती. दारूची दुधातली पातळी पिल्यावर अर्ध्या-एक तासात चढते आणि एका पेगाला सुमारे दोन-अडीच तासांत उतरते. तेवढं थांबलं की झालं. छाती तटली तर आरामासाठी पिळा, पण त्यानं शुद्धी होते या समजुतीनं नको. (न पिणं सर्वांत बरं, हे वेगळं सांगायला नको. दारूनं पान्हाही नीट फुटत नाही.)

गोळ्यांच्या बाबतीत सोपा डाव: पाजून झाल्याबरोबर गोळी घ्या, किंवा दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर बाळाच्या सगळ्यात लांब झोपेच्या आधी. म्हणजे रक्तातली पातळी शिखरावर असताना बाळ पीत नसतं. दर तासाला पिणाऱ्या नवजाताच्या बाबतीत, किंवा अंगात दिवसभर एकाच पातळीला राहणाऱ्या औषधाच्या बाबतीत, हा डाव चालत नाही. तिथे घड्याळाकडे बघून जीव काढू नका.

आणि जिथे दुखणं तिथेच औषध लावता येत असेल तर ते आधी. दम्याचा पंप, नाकातला फवारा, डोळ्यांतले थेंब, त्वचेवरचं मलम यांतून रक्तात फार थोडं जातं. स्तनाग्रावर लावलेलं मलम मात्र बाळ थेट चाटतं, ते पाजण्याआधी पुसून घ्या.

भूल देऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर नियम साधा आहे: आई पूर्ण जागी झाली, बाळाला नीट धरू शकते, तर पाजू शकते.

सहावी पायरी: बाळाकडे बघा

गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस नेहमीपेक्षा जास्त झोप, पिताना गळून जाणं, कमी ओल्या लंगोट्या, अंगावर पुरळ, खूप पातळ शी, तोंडात पांढरे चट्टे यांवर लक्ष ठेवा. अँटिबायोटिकनं शी थोडी पातळ होणं हे पाजणं थांबवायचं कारण नाही. पण बाळ उठवूनही उठत नाही, श्वास मंद आहे, रंग निळसर वाटतोय, तर तेव्हा वाचत बसू नका, दवाखाना गाठा. दुखण्यावर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल दिलं असेल तर हे विशेष. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, आणि काही बायकांच्या यकृतात ते इतक्या झपाट्यानं होतं की दुधात अपेक्षेहून बरंच जास्त उतरतं. तशी बाई ओळखायची कशी, ते बाहेरून कळत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही औषधं घेऊ नयेत असा इशारा दिला. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनवर बहुतेक दुखणी भागतात.

इथे खरोखर थांबायचं

यादी लोकांना वाटते तेवढी लांब नाही. कॅन्सरवरची पेशी मारणारी औषधं, किरणोत्सारी आयोडीन, अंमली पदार्थ. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं ॲमिओडॅरोन, कारण ते आयोडीननं भरलेलं आहे आणि आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधावर पाजायचं तर बाळाच्या रक्ताच्या तपासण्यांसकट, तज्ज्ञांच्या नजरेखालीच. लशींमध्ये जवळजवळ सगळ्या चालतात, पण पिवळ्या तापाची जिवंत लस दुधातून बाळापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत, लहान बाळ असेल तर ती टाळतात.

काही औषधं बाळाला नव्हे, दुधालाच मारतात, आणि त्यांच्याविषयी कुणी सावध करत नाही. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन घ्या. एका प्रयोगात ६० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर २४ तासांत दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळीही सुरुवातीच्या महिन्यांत दूध कमी करू शकते. "अचानक दूध आटलं" म्हणून कुणी आलं की मी आधी विचारते, गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती का?

रसायनं: आईच्या चरबीतला जुना साठा

औषध आज घेतलं, उद्या उतरलं. चरबीत मुरणाऱ्या रसायनांचा हिशेब वर्षांचा असतो. १९५१ मध्ये आईच्या दुधात डीडीटी हे कीटकनाशक सापडल्याचं प्रसिद्ध झालं. डीडीटी, कारखान्यांत वापरलं जायचं ते पीसीबी, कचरा जाळताना तयार होणारं डायॉक्सिन यांसारखी द्रव्यं आयुष्यभर शरीराच्या चरबीत साठतात, आणि दूध बनवायला चरबी लागली की तिच्याबरोबर बाहेर पडतात. म्हणून पहिल्या बाळाच्या वाट्याला दुसऱ्यापेक्षा जास्त येतात.

विषबाधा मोठी असेल तर काय होतं ते तुर्कस्तानात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसलं. हेक्साक्लोरोबेंझीन हे बुरशीनाशक लावलेलं पेरणीचं गव्हाचं बियाणं लोकांनी खाल्लं, आणि आयांच्या दुधातून ते तान्ह्या बाळांपर्यंत पोहोचलं. अंगावर गुलाबी चट्टे उठून कितीतरी बाळं दगावली. पण ती दुर्घटना होती. रोजच्या जगण्यातल्या पातळीसाठी कुठलीही मोठी आरोग्य संस्था पाजणं थांबवायला सांगत नाही. उलट बंदी घातली की दूध स्वच्छ होत जातं. स्वीडनमध्ये १९७२ पासून साठवलेल्या दुधाचे नमुने तपासले तेव्हा डीडीटी आणि पीसीबी उतरत गेलेले दिसले. त्याच नमुन्यांत, आग पसरू नये म्हणून फर्निचर आणि यंत्रांत घालायचे ते पीबीडीई मात्र १९९७ पर्यंत दर पाच वर्षांनी दुप्पट होत होते. हे कळल्यावर तिथे ओरड झाली ती पाजण्याविरुद्ध नव्हे, रसायनाविरुद्ध.

तुमच्या हातात काय आहे? बाळंतपणानंतर उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका, चरबी वितळली की तिच्यातला साठाही सुटतो. घरात कीटकनाशकाची फवारणी, जुना रंग खरवडणं, वार्निश ही कामं दुसऱ्या कुणाला करू द्या. शिसं दुधात रक्ताच्या मानानं फार कमी येतं, आईच्या रक्तात डेसिलिटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या पुढे असेल तरच अमेरिकी रोगनियंत्रण केंद्र दूध काढून टाकायला सांगतं.

कामाच्या जागेकडे मात्र बारकाईनं बघा. १९७७ मध्ये कॅनडात नोंदलेली एक घटना मी विसरू शकत नाही. दीड महिन्याच्या बाळाला कावीळ, यकृत सुजलेलं, कारण सापडेना. वडील चामड्याच्या कपड्यांची रसायनांनी धुलाई करणाऱ्या ठिकाणी काम करायचे, आणि आई दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांना भेटायला तिथे जायची. बस, एवढंच. त्या धुलाईतलं पर्क्लोरोएथिलीन तिच्या श्वासातून दुधात आलं होतं. पाजणं थांबल्यावर बाळ सुधारलं. रंगकाम, छपाई, नखांचं पॉलिश, धुलाई अशा ठिकाणी काम करणारी आई आली की मी गोळ्यांच्या आधी खिडक्यांविषयी विचारते.

जंतू: आईला झालं म्हणजे दुधात आलं असं नाही

सर्दी, फ्लू, कोविड, जुलाब यांत पाजत राहायचं. आईला लक्षणं दिसेपर्यंत बाळ त्या जंतूच्या सान्निध्यात येऊन गेलेलं असतं, आणि आईचं शरीर त्याच जंतूविरुद्ध बनवलेली प्रतिकारद्रव्यं दुधातून पाठवायला लागलेलं असतं. मास्क लावा, हात धुवा, पाजा. स्तनाला गाठ होऊन ताप आला तरी पाजणं थांबवू नका. थांबवलं तर दूध साचून गळू होण्याची भीती वाढते.

क्षयरोग दुधातून जात नाही, खोकल्यातून जातो. आई संसर्ग पसरवण्याच्या टप्प्यात असेल तर डॉक्टर तिला काही काळ बाळापासून दूर ठेवतील, पण काढलेलं दूध देता येतं. हिपॅटायटिस बी असेल तर जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन द्या, मग पाजा. हिपॅटायटिस सी मध्येही पाजता येतं, फक्त स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस थांबा. स्तनावर नागिणीचे किंवा हर्पिसचे फोड असतील तर त्या बाजूनं पाजू नका.

दुधातून खरोखर जाणारे विषाणू थोडे आहेत. एचआयव्ही त्यातला मुख्य. औषधांविना पाजलं तर दुधातून लागण होण्याचा धोका ५ ते २० टक्के. आईनं एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबणारी औषधं, नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला तर तो १ टक्क्याच्या खाली येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता औषधं घेत किमान १२ महिने पाजायला सांगते. एचटीएलव्ही-१ हा दुसरा, पुढे काहींना रक्ताचा कॅन्सर करू शकणारा विषाणू, तो दुधातल्या पांढऱ्या पेशींत बसून येतो. जपानमधल्या नागासाकीत १९८७ पासून गर्भवतींची तपासणी करून अशा आयांना न पाजण्याचा सल्ला दिला जातो. सीएमव्ही हा विषाणू लहानपणी होऊन गेलेल्या बहुतेक आयांच्या दुधात पुन्हा डोकावतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याचं काही नाही, पण दीड किलोच्या आतल्या, वेळेच्या फार आधी जन्मलेल्या बाळाला तो आजारी पाडू शकतो. दूधपेढीत दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवतात त्यात हे तिन्ही मरतात. नुसतं गोठवल्यानं सीएमव्ही कमी होतो, संपत नाही.

काढलेल्या दुधात बाहेरून शिरणारे जंतू हे रोजचं आणि खरं दुखणं. हात धुवा, पंपाचे भाग प्रत्येक वेळी वेगळे करून साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ताजं काढलेलं दूध २५ अंशांच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. उन्हाळ्यात खोली त्याहून तापलेली असेल तर थेट फ्रिजमध्ये. गोठवून वितळवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांत संपवा, परत गोठवू नका. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथे गारवा सारखा कमी-जास्त होतो.

थांबावंच लागलं तर

"बंद करा" असं सांगितलं गेलं तर तिथेच बसून विचारा: नेमके किती तास किंवा दिवस? याच कामाचं, पाजताना चालणारं दुसरं औषध आहे का? हा सल्ला कागदावरच्या छापील ओळीमुळे आहे की माझ्या बाळाच्या वयामुळे? सोबत बाळाचं वजन, जन्म किती आठवड्यांना झाला आणि दिवसातून किती वेळा पितं हे लिहून न्या. ठरवून होणारी शस्त्रक्रिया किंवा स्कॅन असेल तर आठवडाभर आधीपासून रोज थोडं दूध काढून गोठवून ठेवा.

आणि जे दिवस पाजता येणार नाही त्या दिवसांत २४ तासांत आठेक वेळा दूध काढत राहा, रात्री एकदा तरी. हे दूध टाकून द्यायचं असलं तरी काढायचं, नाहीतर दूध आटतं आणि मग औषध संपलं तरी परत यायला आठवडे लागतात. दाढवाल्या आईला त्या रात्री हेच सांगितलं, फक्त तिला काही टाकायची गरज नव्हती. तिनं आधी एका बाजूनं थोडं हातानं पिळून छाती मऊ केली, कारण तटलेल्या स्तनाला बाळाला नीट तोंड लावता येत नाही. मग बाळाला घेतलं, आणि ते पिऊन झाल्यावर गोळ्या घेतल्या.